स्कीच्या पट्ट्यांवरून दक्षिण ध्रुवाकडे : रोलंड हंटफर्ड यांचे ग्रंथविश्व

नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. ब्रिटनचा कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट तिथे गेला तेव्हा १७ जानेवारी १९१२ उजाडला होता. परतीच्या वाटेवर स्कॉट आणि त्याचे चारही सोबती दगावले. त्यांच्या शेवटच्या तंबूपासून अन्न-इंधनाचा मोठा साठा अवघ्या ११ मैलांवर होता. ब्रिटनने या मृत्यूंना हौतात्म्य मानले, आणि जिंकलेला आमुंडसेन कित्येक वर्षे त्या सावलीत राहिला.

हे चित्र पालटण्यात ब्रिटिश लेखक रोलंड हंटफर्ड यांचा वाटा फार मोठा आहे. ते ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राचे स्कँडिनेव्हियातील बातमीदार होते आणि हिवाळी खेळांचे वार्तांकनही करत. बर्फावरचा खेळ जवळून पाहिलेला हा पत्रकार ध्रुवीय इतिहासाकडे वळला, तेव्हा एक साधा प्रश्न त्याच्या हाती होता : बर्फावरून चालायचे कसे, हे कोणाला येत होते?

‘स्कॉट अँड आमुंडसेन’ (१९७९) या ग्रंथात त्याचे उत्तर सापडते. आमुंडसेनच्या तुकडीत ओलाव ब्योलांड होता. १९०२ साली होल्मेनकोलेनची मानाची स्पर्धा जिंकलेला हा स्कीपटू कसबी सुतारही होता. अंटार्क्टिकाच्या काळोख्या हिवाळ्यात त्याने स्लेज तासून तासून हलक्या केल्या. तुकडीने साठ्यांच्या दोन्ही अंगांना काही मैलांपर्यंत निशाणे रोवली, म्हणजे धुक्यात वाट थोडी चुकली तरी साठा चुकू नये. ५२ कुत्रे घेऊन निघालेली ही पाच माणसे सुमारे ३,००० किलोमीटर कापून ९९ दिवसांत तळावर सुखरूप परतली. सोबत ११ कुत्रे उरले होते; बाकीच्यांतील बहुतेकांना ठरल्याप्रमाणे मारून त्यांचे मांस माणसांना आणि उरलेल्या कुत्र्यांना पुरवले होते.

स्कॉटनेही त्रिग्वे ग्रान हा नॉर्वेचा तरुण स्की शिकवायला सोबत नेला होता. पण ऐन मोहिमेत शिकलेली विद्या आणि लहानपणापासून अंगात मुरलेली विद्या यांत अंतर राहणारच. अखेरच्या टप्प्यात स्कॉटने मोहिमेतल्याच बोवर्स या सोबत्याला ऐनवेळी पाचवा गडी म्हणून घेतले. बोवर्सच्या स्की आधीच मागे ठेवलेल्या होत्या. त्यामुळे चौघे स्कीवर आणि बोवर्स पायी, अशी ती तुकडी स्लेज ओढत ध्रुवावर गेली.

हंटफर्ड यांनी पुढे ‘शॅकल्टन’ (१९८५) आणि ‘नान्सेन’ (१९९७) ही चरित्रे लिहिली, आणि ‘टू प्लँक्स अँड अ पॅशन’ (२००८) हा स्कीचा इतिहास. ही पुस्तके एकत्र वाचली की खेळ आणि शोधमोहीम एकमेकांना कशा घडवत गेल्या, ते पाहून थक्क व्हायला होते. नॉर्वेतील मोर्गेडाल गावच्या सोंद्रे नोरहाइमने टाचेभोवती घट्ट बसणारा बंध वापरला आणि वळणे घेत उतरणे सुकर झाले. ब्योलांड याच गावचा! १८८८ मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेनने पाच साथीदारांसह ग्रीनलंडचे हिमपठार स्कीवरून ओलांडले. त्याचे प्रवासवर्णन वाचून ऑस्ट्रियात राहणाऱ्या मथियास झ्दार्स्कीने स्की मागवल्या, आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी नवे तंत्र बसवले आणि १९०५ मध्ये लिलियनफेल्ड येथे निशाणांमधून वळत उतरण्याची शर्यत भरवली. खेळाने मोहिमेला माणसे दिली आणि मोहिमेने खेळाला नवे मुलूख दिले.

स्कॉटविषयी हंटफर्ड फार कठोर आहेत, असा आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. शास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांनी २००१ च्या ‘द कोल्डेस्ट मार्च’मध्ये हवामानाच्या नोंदी तपासून दाखवले, की त्या परतीच्या काळातली थंडी नेहमीपेक्षा भयंकर होती. ध्रुवीय प्रवासी रॅनल्फ फाइन्स यांनीही स्कॉटची बाजू हिरिरीने मांडली. हे दोघे स्कॉटला न्याय देतात, आणि तो द्यायलाच हवा.

तरीही हंटफर्ड यांचे मूळ म्हणणे टिकून राहते. धैर्य दोन्ही तुकड्यांत होते. फरक पडला तो पिढ्यान्‌पिढ्या उतारांवर घासून तयार झालेल्या कौशल्याने. इतिहास मरणाला लवकर मान देतो. पाच माणसांना जिवंत घरी आणणारी तयारी त्याहून कमी मोलाची नाही, हे ठामपणे सांगणारा लेखक म्हणून हंटफर्ड वाचायला हवेत.