कावळ्याला हाकलणारी आमची आई

आमची आई नव्वदीला टेकून गेली. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिले आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. पण भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी हळूच विचारलेच, ‘दहाव्याचं काय? निदान नदीवर घास तरी ठेवा.’ आम्ही उत्तर शोधेपर्यंत थोरली नात म्हणाली, ‘आजीनं सांगून ठेवलंय. जन्मभर वाळवणावरचा कावळा हाकलला, आता मेल्यावर त्याच्या विनवण्या करू नका.’ दुःखात बसलेली माणसे खळखळून हसली. विचारणारे काकाही हसले. गेल्यावरसुद्धा आईने एक वाद जिंकला होता.

कार्यक्रमात वक्ते म्हणाले, मातोश्री फार विनोदी होत्या. खरेच होत्या. पण तो विनोद कुठून आला, हे समाजबांधवांना सांगितले पाहिजे.

आईचे माहेर आंबेगाव तालुक्यातले. लहानपणी ती आपल्या आईबरोबर टोपले घेऊन येसकराची भाकर मागायला जाई. ती सांगायची, ‘भाकर इतकी शिळी, की वाड्यातलं कुत्रं ती हुंगून माझ्याकडं बघायचं. म्हणायचं, पोरी, तुला तरी पचंल का गं?’ नातवंडे हसून लोळायची. मग ती विचारायची, ‘हसलात ना? आता सांगा, ती भाकर शिळी होईस्तोवर ठेवली कुणी?’ आणि तिथून बाबासाहेब सुरू व्हायचे. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. आईला ही साले पाठ नव्हती. तिचा हिशेब साधा होता : माझ्या आईच्या डोक्यावर टोपलं, माझ्या लेकीच्या पाठीवर दप्तर, मधी बाबासाहेब.

१९५६ साली धम्मदीक्षा झाली तेव्हा ती नवी सून होती. वस्तीने घरातले देव नदीत सोडले. आमची आजी घाबरली, देवी कोपेल म्हणून रात्रभर बसून राहिली. एकविशीतल्या सुनेने सासूची समजूत काढली, ‘अत्याबाई, आपण उपाशी होतो तवा ती कोपली न्हाय. आता पोट भरायच्या वक्ताला कोपंल व्हय?’ आजी हसली आणि झोपली. कितीतरी भाषणांनी झाले नसते ते काम त्या एका वाक्याने केले.

१९७२ च्या दुष्काळात वडील मुंबईला कामाला आणि आई खडी फोडायला. हजेरीपटावर अंगठा लावायचा तर ठसा उमटेना. दगड फोडून रेषाच झिजल्या होत्या. मुकादम चिडला. आई म्हणाली, ‘साहेब, अंगठा सरकारी कामात खर्च झाला. आता सही शिकते.’ त्या रात्री चौथीतल्या आमच्या भावाला समोर बसवून तिने कंदिलाच्या उजेडात नाव गिरवले. पुढे प्रत्येक कागदावर ती सही करी. कुठे शाईची डबी पुढे आली की हात मागे घेई.

तिच्या माहेरचे गाव डिंभे धरणात गेले. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगावही घोड नदीवरच्या त्याच पाण्याखाली आहे. ती म्हणायची, ‘बायांचं माहेर लग्नात सुटतं, माझं बुडालं.’ हे सांगताना मात्र ती हसत नसे.

म्हणून की काय, लेण्याद्रीला ती माहेर म्हणायची. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या ब्राह्मी लेखांत बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींची दाने कोरलेली आहेत. आम्ही हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, ‘म्हंजी कामकऱ्यांनीच बांधलेलं घर. मग माहेरी जायला तिकीट कसलं?’

नारायणगावच्या विठाबाई तिच्याच वयाच्या. जन्म १९३५ चा. तमाशा चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन दगडाने नाळ तोडली आणि विठाबाई पुन्हा नाचायला निघाल्या, ही कथा आमच्याकडे घरोघर सांगितली जाते. आई म्हणे, ‘मी शेताच्या बांधावर बाळंत झाले. तिला टाळ्या तरी मिळाल्या, मला अर्ध्या दिवसाचा खाडा.’ राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी हलाखीत गेल्या तेव्हा आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी एवढेच म्हणाली, ‘टाळ्यांनी पोट भरत न्हाय.’

आता आमच्या चुकीबद्दल. आम्ही शिकलो, नोकऱ्यांना लागलो, पुण्यात फ्लॅट घेतले. आणि जिच्या बोलण्यावर वाढलो तेच बोलणे चारचौघांत खुपू लागले. एकदा ऑफिसातले वरिष्ठ जेवायला येणार होते. आम्ही म्हणालो, ‘आई, तू जरा आत बस.’ ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नातीला म्हणाली, ‘महारवाड्यातून भाईर पडाया सारा जल्म गेला. आता तुझ्या बापानं घरातच महारवाडा काढला बघ.’ नात हसली नाही. ती बाहेर आली आणि पाहुण्यांसमोर आजीला हाताला धरून बसवले. पाहुणे दोन तास उठले नाहीत. जिने अंगठा सोडून सही धरली, तिची लाज आम्हाला वाटली होती. याबद्दल तिची माफी मागायची राहून गेली.

त्या नातीने आजीचे बोलणे मोबाईलमध्ये भरून ठेवले आहे. आम्ही मुलांनी काहीच ठेवले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले, म्हणून चळवळीतल्या बायांचा आवाज काही प्रमाणात तरी उरला. पण अशा आया प्रत्येक वस्तीत होत्या. त्यांचे शहाणपण विनोदातून आले, म्हणून आपण ते नुसते हसून सोडून दिले.

दहाव्याच्या खर्चाऐवजी गावच्या वाचनालयाला पुस्तके आणि कोऱ्या वह्या दिल्या आहेत. कोऱ्या वह्या नातीने मागितल्या. वस्तीतल्या मुलांनी आपापल्या आजीजवळ बसून त्या भरायच्या आहेत. वाचकांनीही आपल्या घरी एक वही उघडावी. आजी बोलती आहे तोवरच हे जमेल. तीच आमच्या आईला आदरांजली. जयभीम!