विहिरीत बुडी मारताना कान का दुखतो?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावच्या विहिरींवर पोरांची गर्दी होते. नुसतं पोहून समाधान होत नाही, मग तळाची माती काढून आणायची पैज लागते. पोरगा दोन-तीन मीटर खाली गेला की कानात कळ येते. दोस्त म्हणतात, "काही होत नाही रे, सहन कर!" इथेच चूक होते.

आठवीला 'बल व दाब' हा धडा शिकवताना मी वर्गात हमखास विचारतो, "दहा फूट खोलीवर पाण्याचा दाब कुठे जास्त? अरुंद विहिरीत की मोठ्या तलावात?" बहुतेक हात तलावासाठी वर होतात. खरं उत्तर आहे, दोन्हीकडे सारखाच. पाणी किती पसरलंय याने दाब ठरत नाही, आपल्या वर किती खोलीचं पाणी आहे याने ठरतो. आणि तो सगळ्या बाजूंनी येतो.

हिशेब सोपा आहे. जमिनीवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो वजनाइतका असतो. पाण्यात दर १० मीटरला जवळपास तेवढाच दाब वाढतो. म्हणजे ३ मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ३०० ग्रॅमचा जादा भार. कानाचा पडदा साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या नाजूक पडद्यावर १५० ग्रॅम!

हातापायांना काही जाणवत नाही, कारण शरीरात बहुतांश पाणीच आहे आणि पाणी सहजी दबत नाही. दबते ती हवा. पडद्यामागच्या हवेचा दाब कमी राहतो, म्हणून पडदा आत वाकतो आणि दुखतो. तरीही खाली गेलं तर तो फाटू शकतो. थंड पाणी आत शिरलं की गरगरतं. अंधाऱ्या विहिरीत वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही. अशा वेळी पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो.

उपाय काय? दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून हळूच फुंकर मारायची, म्हणजे घशाकडून हवा कानात जाते. जोर लावायचा नाही. कान मोकळा झाला नाही तर सरळ वर यायचं. सर्दी असेल तर बुडी मारायचीच नाही.

दुसरी गोष्ट छातीतल्या हवेची. १० मीटरवर तिचं आकारमान निम्मं होतं. छाती आकसली की शरीर कमी पाणी बाजूला सारतं आणि वर ढकलणारं प्लावक बल घटतं. त्यामुळे खोलवर गेल्यावर "पाणी आपोआप वर आणेल" हा भरवसा धरू नका.

मालवणला स्कुबा करणाऱ्यांनी उलटं लक्षात ठेवावं. तिथे खालच्या दाबाचीच हवा श्वासात येते आणि वर येताना ती फुगते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, नाहीतर फुप्फुसं फाटू शकतात.

पालकांनो, पोरांना पोहायला जरूर शिकवा. पण एकट्याला पाठवू नका, आणि कान दुखला की पैज सोडून वर यायचं, हे आधीच बजावून ठेवा.