बांबूउडीपटू

बांबूउडीपटू म्हणजे हातातील लांब, लवचीक दांडा जमिनीतील खोबणीत रोवून, त्याच्या आधाराने उंचावरील आडवी दांडी ओलांडणारा खेळाडू होय. हा शब्द पुरुष व स्त्री खेळाडूंसाठी सारखाच वापरतात.

व्युत्पत्ती

या एका शब्दात भाषेचे तीन थर आढळतात. 'बांबू' हा मराठीत पूर्णपणे रुळलेला शब्द असला, तरी त्याचे मूळ संस्कृत नाही. वेळू, कळक हे जुने शब्द उपलब्ध असूनही खेळाच्या नावासाठी 'बांबू'च रूढ झाला. 'उडी' ही 'उडणे' या तद्भव धातूपासून आली असून तिचे मूळ संस्कृत 'उद् + डी' (वर उडणे) असे आहे. 'पटू' हा मात्र तत्सम शब्द. संस्कृतात 'पटु' म्हणजे तीक्ष्ण, चतुर, निष्णात. मराठीच्या लेखननियमांनुसार अन्त्य उकार दीर्घ होतो, म्हणून 'पटू'. परंतु 'पटुत्व' लिहिताना तो ऱ्हस्वच राहतो. धावपटू, क्रीडापटू, बुद्धिबळपटू हे शब्द याच पद्धतीने बनले आहेत.

'बांबूउडी'चा विग्रह 'बांबूच्या आधाराने घेतलेली उडी' असा होतो. पुरणपोळीप्रमाणे हाही मध्यमपदलोपी समास आहे. येथे ऊ आणि उ शेजारी येऊनही संधी होत नाही, हे बरेच झाले. अन्यथा 'बांबूडी' असे विचित्र रूप पदरी पडले असते. 'बांबू उडी पटू' असे तोडून लिहिणे अशुद्ध आहे.

अर्थाचा विस्तार

आज या खेळात बांबू सहसा दिसत नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून हा खेळ त्या स्पर्धांत आहे. आरंभी घट्ट लाकडाचे दांडे असत. पुढे हलका व लवचीक बांबू आला. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४० मध्ये बांबूच्याच साहाय्याने १५ फुटांची (सुमारे ४.५७ मीटर) मर्यादा प्रथम ओलांडली. त्यानंतर धातूचे दांडे आले आणि १९६० च्या दशकात काचतंतूंचे दांडे रूढ झाले. काचतंतूंचा दांडा खूप वाकतो आणि सरळ होताना खेळाडूला वर फेकतो. सर्गेई बुबकाने १९८५ मध्ये पॅरिस येथे ६ मीटर उंची गाठली, ती अशाच दांड्यावर. महिलांची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये २००० साली सिडनी येथे सुरू झाली.

बांबू गेला म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही. 'शाई' म्हणजे मुळात काळा रंग, तरीही आपण 'लाल शाई' म्हणतोच. वृत्तपत्रांत 'पोल व्हॉल्टपटू' असेही रूप आढळते; त्यातही 'पटू' टिकून आहे.