वादपत्राचा नमुना

वादपत्राचा नमुना म्हणजे दिवाणी दाव्याचे वादपत्र कसे लिहावे हे दाखवणारा, तपशिलासाठी रिकाम्या जागा सोडलेला आराखडा होय. भारतात असे नमुने दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या पहिल्या अनुसूचीतील परिशिष्ट ‘अ’ मध्ये दिलेले आहेत. उसने दिलेली रक्कम, विकलेल्या मालाची किंमत अशा नेहमीच्या दाव्यांचे तसेच लेखी कैफियतीचे नमुने त्यात आढळतात. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याने नाशिक, निफाड, मालेगाव आदी ठिकाणी ही वादपत्रे मराठीतही दाखल होतात.

कायदेशीर आधार

संहितेच्या आदेश ६, नियम ३ नुसार परिशिष्टातील नमुना लागू होत असेल तेथे तो वापरावा आणि लागू होत नसेल तेथे शक्य तितका त्याच धर्तीचा मसुदा करावा. नियम २ नुसार वादपत्रात केवळ महत्त्वाची तथ्ये संक्षेपाने मांडावयाची असतात. ती सिद्ध करणारा पुरावा त्यात लिहावयाचा नसतो. परिच्छेदांना अनुक्रमांक द्यावे लागतात. तारखा, रकमा व संख्या अंकी आणि अक्षरी अशा दोन्ही प्रकारे लिहाव्या लागतात.

वादपत्राची रचना

आदेश ७, नियम १ प्रमाणे वादपत्रात पुढील बाबी आवश्यक असतात :

• न्यायालयाचे नाव;
• वादी व प्रतिवादी यांची नावे, वर्णन व राहण्याचे ठिकाण;
• वादकारण आणि ते केव्हा घडले;
• न्यायालयाला अधिकारिता असल्याचे दाखवणारी तथ्ये;
• अधिकारिता व न्यायालय शुल्क यांसाठी दाव्याचे मूल्यांकन;
• मागितलेली दाद.

दावा स्थावर मालमत्तेचा असल्यास ती ओळखता येईल असे वर्णन द्यावे लागते. शेतजमिनीसाठी गाव, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा, तर नाशिक शहरातील मिळकतीसाठी सिटी सर्व्हे क्रमांक दिला जातो. गट क्रमांक चुकल्यास दावा जिंकूनही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत अडचण येऊ शकते.

शेवटी वादीची सही व सत्यापन असते. कोणत्या परिच्छेदांतील मजकूर स्वतःच्या माहितीतील आहे आणि कोणता इतरांकडून समजलेला व खरा वाटणारा आहे, हे सत्यापनात वेगवेगळे सांगावे लागते. २००२ पासून सोबत प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते.

नमुन्याचा वापर : एक उदाहरण

निफाड तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याला द्राक्षे विकली आणि त्याचे पैसे थकले, अशी कल्पना करता येईल. अशा वेळी विकलेल्या व पोहोचत्या केलेल्या मालाच्या किमतीचा नमुना उपयोगी पडतो. पहिल्या परिच्छेदात मालाची तारीख, वजन व दर. दुसऱ्यात ठरलेली किंमत आणि मिळालेली रक्कम. तिसऱ्यात थकबाकी असा क्रम ठेवता येतो. तोलपावत्या वादपत्रात उतरवून काढायच्या नसतात. त्या यादीसह हजर केल्या जातात. शेजाऱ्याने गाडी भरताना पाहिले, ही बाब साक्षीच्या वेळची आहे.

याच उदाहरणात वादकारणाची तारीख निर्णायक ठरते. मुदत अधिनियम, १९६३ नुसार उधारीची मुदत ठरलेली नसल्यास माल दिल्यापासून, आणि ती ठरलेली असल्यास ती संपल्यापासून, ३ वर्षांत दावा दाखल करावा लागतो. त्यामुळे “पैसे कधी द्यायचे ठरले होते” हे वाक्य गाळले गेले तर मुदतीतला दावाही मुदतबाह्य दिसू शकतो. वादकारणच उघड होत नसेल किंवा वादपत्राच्या मजकुरावरूनच दावा कायद्याने वर्ज्य दिसत असेल, तर आदेश ७, नियम ११ खाली ते फेटाळले जाते.

लेखी कैफियत

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिवादीने कैफियत द्यावयाची असते; न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. ‘वादपत्रातील सर्व मजकूर खोटा आहे’ एवढे मोघम विधान पुरेसे नसते. प्रत्येक तथ्य स्वतंत्रपणे नाकारले नाही, तर ते मान्य केल्याचे धरले जाऊ शकते. पक्षकाराने दिलेल्या कबुलीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नाशिकच्या बालाजी मंदिराशी संबंधित ‘नारायण भगवंतराव गोसावी बालाजीवाले विरुद्ध गोपाल विनायक गोसावी’ या खटल्यात (ए.आय.आर. १९६०) विशद केले आहे. कबुली अखेरचा पुरावा नसली, तरी ती यशस्वीपणे मागे घेतली नाही किंवा चुकीची सिद्ध केली नाही, तर निकाल तिच्यावर ठरू शकतो.

मर्यादा

नमुना केवळ सांगाडा पुरवतो. तथ्ये पक्षकारालाच भरावी लागतात. दुसऱ्या दाव्याचा मसुदा उतरवून घेताना जुनी तारीख, लागू नसलेला परिच्छेद किंवा न मिळणारी दाद तशीच राहून जाण्याचा धोका असतो. आदेश ६, नियम १७ खाली दुरुस्ती मागता येते. मात्र सुनावणी सुरू झाल्यानंतर, योग्य तत्परता दाखवूनही ती बाब आधी मांडता आली नसती असे न्यायालयाला पटावे लागते. शासनाविरुद्धच्या दाव्यापूर्वी सर्वसाधारणपणे कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आवश्यक असते.

पक्षकार स्वतः वादपत्र लिहून दावा चालवू शकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती आदींना मोफत विधी साहाय्य मिळू शकते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.