जागा सोडायची की भिंत बदलायची?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली, तेव्हा आदल्या दिवशीच्या गणपती विसर्जनानंतर लातूर-उस्मानाबादकडची गावं गाढ झोपेत होती. सरकारी आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसं दगावली. पुढे किल्लारी, सास्तूरसह ५२ गावं जुन्या जागी बांधायची नाहीत, असं ठरलं. ज्या पांढरीत घरातली माणसं गाडली गेली तिथे पुन्हा चूल पेटवायला मन धजत नव्हतं आणि अनेक ठिकाणी लोकांनीच नवी जागा मागितली. हे दुःख खरं होतं. तरीही, दुर्घटनेच्या जागी पुन्हा वस्ती करावी का, हे ठरवताना पहिला प्रश्न माणसं कशाने मेली, हाच असायला हवा.

किल्लारीत माणसं मेली ती भिंतींखाली. दोन-अडीच फूट आणि त्याहूनही जाड दगडी भिंती, पण दगड मातीत बसवलेले. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये दगडगोट्यांचा भराव आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षं मातीचे थर चढत गेलेले, म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर कित्येक टन वजन. हादऱ्याने भिंतीचे दोन थर सुटे झाले आणि घरं बसली. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि दगडी भिंती तेवढ्या ढासळल्या. ज्यांनी ढिगारे पाहिले त्यांना दोष कुठे होता हे तिथेच दिसत होतं.

मग गाव थोड्या अंतरावर हलवून भूकंपाचा धोका किती कमी झाला? जवळजवळ नाहीच, कारण भूगर्भ दोन्हीकडे तोच. नव्या गावात माणूस सुरक्षित झाला तो नव्या बांधणीमुळे, आणि ती जुन्या जागेवरही करता आली असती. त्याच पुनर्वसन कार्यक्रमात शेकडो गावांतली घरं जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत केली गेली. स्थलांतराची किंमत मात्र मोठी होती. पिकाऊ जमीन गावठाणाखाली गेली. जमीनधारणेप्रमाणे अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरं सरळ रांगांत मिळाली, भावकी आणि शेजार विखुरला, आणि गोठा, कडबा, अवजारं कुठे ठेवायची हा प्रश्न उरला.

माळीणची गोष्ट उलट आहे. आंबेगाव तालुक्यातल्या या गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगरच कोसळला आणि १५१ माणसं गेली. तिथे घर कितीही भक्कम असतं तरी वाचलं नसतं. दोष जमिनीचा होता, म्हणून जागा सोडणंच शहाणपणाचं. पण जागा बदलली म्हणजे धोका टळला, असंही नाही. आमडे इथे वसवलेल्या नव्या गावात २०१७ च्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले, भेगा पडल्या. जुन्या जागेची जेवढी भीती वाटते, तेवढी कसोशी नव्या जागेच्या तपासणीत हवी होती.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं तांत्रिक झालं, मेलेल्यांच्या ढिगाऱ्यावर संसार कसा मांडायचा? या आक्षेपाला कमी लेखता येणार नाही. पण कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर बहुतेक गावांनी स्थलांतराला नकार दिला आणि सरकारी पैसा व अभियंत्यांची देखरेख घेऊन आपल्याच गावात घरं बांधली. त्यांचं दुःख किल्लारीकरांपेक्षा कमी नव्हतं. शोकासाठी संपूर्ण गावठाण ओस पाडावं लागत नाही. जिथे सर्वाधिक माणसं गेली तेवढी जागा मोकळी ठेवून तिथे स्मारक करता येतं.

म्हणूनच असा निर्णय पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नये असं मला वाटतं. त्या दिवसांत लोकांना विचारलं तर ते भीतीतून बोलतात, आणि नेत्यांना घोषणेची घाई असते. भूवैज्ञानिकांचा अहवाल गावकीसमोर मराठीत वाचून दाखवावा, नवी जागा एका पावसाळ्यात पाहावी, बायाबापड्यांना आणि भूमिहीनांना वेगळं विचारावं. तोवर पत्र्याच्या शेडमध्ये हाल होतात, हे मान्य आहे. म्हणून त्या शेड्स नीट बांधण्यावर आधी पैसा खर्च करावा आणि गाव कुठे वसवायचं ते नंतर ठरवावं.