यहुदी धर्मचिंतन : लेखांक 6 – शाळा मिशनची, प्रार्थना घरची

नवापूर-चिंचपाड्याकडच्या चर्चमध्ये जे तेविसावे स्तोत्र म्हटले जाते, ते अलिबागच्या बेने इस्रायली यहुद्यांच्या प्रार्थनेतही आहे. दोन्हीकडे ते दाविदाच्या नावावर चालते. आपल्या पश्चिम खानदेशात हे स्तोत्र मिशनऱ्यांबरोबर आले. चिंचपाड्याचा ख्रिश्चन दवाखाना त्याच मिशनकार्यातून 1942 मध्ये उभा राहिला. कोकणात मात्र उलटा प्रकार घडला. ज्यांच्या पूर्वजांचा हा ग्रंथ, त्यांच्याच हाती मिशनऱ्यांनी तो मराठीतून ठेवला.

मागच्या लेखात युरोपातला यहुदी-ख्रिस्ती संवाद महायुद्धाच्या राखेतून कसा सुरू झाला, ते पाहिले. मुंबई-कुलाब्यात यहुदी आणि ख्रिस्ती माणसे एका बाकावर बसली ती त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी. मात्र त्या बसण्याला संवाद म्हणायला मी लगेच तयार नाही.

बेने इस्रायल कोकणात घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देव एकच असल्याची ग्वाही देणारी ‘शेमा’ प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके सांभाळले होते. हिब्रू ग्रंथ मात्र हातचे गेले होते. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, 1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. यहुदी माणसाला येशू हाच मसीहा असल्याचे पटवायचे, हा दोघांचाही हेतू होता आणि त्यांनी तो लपवला नाही. त्यासाठी त्यांनी शाळा काढल्या, काही शाळांत बेने इस्रायलीच शिक्षक नेमले. विल्सन यांनी तर 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले.

बेने इस्रायलींनी व्याकरण घेतले, मराठी बायबल घेतले, शाळाही घेतली. बाप्तिस्मा घेणारे मात्र मोजकेच निघाले. मिशनच्या हिशोबाने हे अपयशच. पण त्या शिदोरीवर या समाजाने काय उभे केले ते पाहा. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 ची पुण्याची हग्गादा शिळाप्रेसवरची. तिच्यातल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. मिसरातून सुटकेची कथा थेट मराठी स्वयंपाकघरात आली आहे. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास बेने इस्रायली कीर्तनकार टाळ-झांजांच्या साथीने अब्राहामाचे आख्यान लावू लागले. तिकडे ख्रिस्ती कीर्तनेही होतच होती. दोन्ही समाजांचे बुवा आख्यानाचा बाज वारकरी-हरदासांकडून उचलत होते, हे मला दोघांच्या धर्मचर्चेहून अधिक बोलके वाटते.

यहुदी माणूस आपल्या धर्मात ठाम राहून ख्रिस्ताबद्दल काय म्हणू शकतो, या प्रश्नाला धीट उत्तर लंडनमधून आले. क्लॉड माँटेफियोरे यांनी 1909 मध्ये पहिल्या तीन शुभवर्तमानांवर भाष्य लिहिले. येशू देव नव्हे, पण संदेष्ट्यांच्या परंपरेतला थोर गुरू; यहुद्यांनी त्याची शिकवण वाचावी, असे त्यांचे मत. सनातनी यहुदी भडकले, ख्रिस्ती पंडितांचेही पूर्ण समाधान झाले नाही. 1902 मध्ये लंडनला निघालेल्या ज्यूइश रिलिजस युनियन या धर्मसुधारणेच्या चळवळीचे माँटेफियोरे आणि लिली माँटेग्यू हे आधारस्तंभ.

ही चळवळ मुंबईत आणली ती एका डॉक्टरीणबाईंनी. जेरुशा झिराड बेने इस्रायली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतल्या आणि पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. 1925 मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. भायखळ्याचे रोदेफ शालोम हे तिचेच सिनेगॉग. आपल्याकडे त्यांना 1966 च्या पद्मश्रीमुळे ओळखतात. धर्मसुधारक म्हणून त्यांचे नाव कुणी घेत नाही, हे मला खटकते.

आता विल्सनसाहेबांचा हेतू पुन्हा आठवावा लागतो. 1964 मध्ये व्हॅटिकन परिषदेपुढच्या एका मसुद्यात यहुदी कधीतरी चर्चमध्ये सामील होतील, अशी आशा होती. यहुदी विचारवंत अब्राहाम जोशुआ हेशेल यांची आई आणि तीन बहिणी नाझी राजवटीच्या बळी ठरल्या होत्या. हेशेल यांनी स्पष्ट कळवले की धर्मांतर की मृत्यू असा प्रश्न आला, तर आपण आउशवित्झला जायला तयार आहोत. 28 ऑक्टोबर 1965 ला मंजूर झालेल्या ‘नोस्त्रा आएताते’ या घोषणापत्रात धर्मांतराची ती भाषा उरली नव्हती. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सगळ्या यहुद्यांवर टाकणेही त्यात नाकारले गेले.

सगळ्या यहुदी विचारवंतांना मात्र ख्रिस्ती मंडळींशी असा धर्मसंवाद मान्य नव्हता. अमेरिकेतले रब्बी योसेफ सोलोवेचिक यांनी 1964 मध्येच बजावले होते : गरिबी, न्याय, शिक्षण यांवर ख्रिस्ती मंडळींशी खुशाल बोला, पण श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाटी नकोत, तो प्रत्येक समाजाचा खाजगी व्यवहार आहे. मिशनच्या शाळेत व्याकरण शिकून घरी शेमा म्हणणाऱ्या कोकणातल्या पोरांचीही वागणूक बरीचशी अशीच होती. सोलोवेचिक विरुद्ध हेशेल हा वाद पुढच्या आठवड्यात.