रणातला लाणा आणि आपली मीठफुटीची जमीन



गेल्या हिवाळ्यात आपले एक सभासद कच्छची सहल करून आले. येताना रणाच्या कडेच्या एका झुडपाची फांदी पिशवीत घालून थेट आमच्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, "साहेब, जिथं गवताची काडी नाही तिथं हे तरारून उभं होतं. माझ्या दोन एकरांत मीठ फुटलंय. लावू का?"

पाने सेंटिमीटरभर लांब, अरुंद, गुबगुबीत, देठ जवळजवळ नाहीच. चिमटीत दाबले की पाणी सुटते, जिभेला लावले तर खारट. फुले पानाच्या बेचक्यात, हिरवट, ठिपक्याएवढी. त्यांना पाकळ्या नसतातच. हा लाणा, शास्त्रीय नाव सुएडा फ्रुटिकोसा. कच्छ, राजस्थानपासून इराण, अरबस्तानापर्यंतच्या खारट वाळवंटात हा आढळतो. आपल्या कोकणच्या खाजणातली मोरस याच सुएडा वंशातली. मात्र 'लाणा' म्हणताना जपून, कारण वाळवंटात याच्यासारख्या दुसऱ्या खारट झुडपांनाही लोक तेच नाव देतात.

सुएडा हे नाव अरबी 'सुवैद'वरून आले. ते शास्त्रात आणले फोर्सकोल या लिनियसच्या शिष्याने. डेन्मार्कच्या राजाने धाडलेल्या अरबस्तान मोहिमेत तो 1763 साली येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्याचा सोबती नीबूर त्याच वर्षी मुंबईस पोहोचला, घारापुरीची लेणी पाहून त्यांची चित्रे काढून गेला. मोहिमेतला तोच एकटा जिवंत परतला आणि मित्राची टिपणे त्याने 1775 साली छापली. नाहीतर ही नावे येमेनच्या मातीतच राहिली असती.

नावांचा घोळ पुढे बराच झाला. भूमध्य समुद्राकाठच्या एका सारख्या दिसणाऱ्या झुडपालाही फ्रुटिकोसाच म्हणत. त्याचे नाव आता सुएडा व्हेरा. फरक वरवरचा नाही. 1965 साली हवाईतल्या ऊस संशोधकांनी दाखवले, की उसाच्या पानात हवेतला कार्बन प्रथम चार कार्बनांच्या आम्लात जातो. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ती वाट उलगडली. लाणाही त्याच वाटेने जातो, सुएडा व्हेरा जात नाही! उसात या कामाच्या पेशी शिरेभोवती कडे करतात. लाण्यात त्या सालीखाली दोन थरांत बसतात आणि मधोमध पाण्याची कोठी असते.

आता कुळ. पालक, चाकवत, बीट यांच्या चाकवत कुळात लाणा धरला जाई. 1998 नंतरच्या वर्गीकरणात हे कुळ राजगिऱ्याच्या कुळात सामावले. म्हणजे उसाचा युरोपातला प्रतिस्पर्धी शर्करा-बीट हा लाण्याचा भाऊबंद. कुळात पोटभेद पाडताना बियांतला अंकुर पाहतात. बिटाचा कड्यासारखा वळलेला, लाण्याचा जिलबीसारखा चपटा गुंडाळलेला. भिंगाखाली बी फोडून बघावे, मजा वाटते.

आता मुद्द्याचे. लाणा मीठ बाहेर टाकत नाही. ते पेशीच्या पोटातल्या पोकळीत कोंडतो आणि पाणी भरून पातळ करतो, म्हणून पान फुगते. थोडे मीठ असेल तर तो उलट जोमाने वाढतो. मग रानातले मीठ तो शोषून घेईल का? घेईल, पण झाड कापून रानाबाहेर नेले तरच. जाग्यावर पाने गळली की मीठ पुन्हा वरच. आणि खालून पाणी चढत असेल तर लाण्याने काढले त्याहून जास्त मीठ रोज वर येते. ऊस काही लाणा नव्हे, त्याला हे सोसत नाही.

पाटाला पाणी आहे तोवर देऊन घ्या, असे एके काळी आम्हीही सांगत होतो. ते चुकले. आधी निचऱ्याचा चर, माती तपासणी, बेताचे पाणी. जिप्सम टाकायचे की नाही हे तपासणीनंतरच ठरते. हवी तर बांधाला चार झुडपे लावून बघा, असे आम्ही त्या सभासदांना सांगितले. चराची आखणी करायला येत्या बुधवारी त्यांच्या रानात जाणार आहोत. शेजारच्या दोन गटांनीही यावे. चर त्यांच्या हद्दीतून नेल्याशिवाय पाणी ओढ्याला मिळत नाही.